नसलेला धागा

आमच्या रंगाऱ्याने, निळ्याने, धागा चिमटीत धरला, खिडकीबाहेर झटकला आणि म्हणाला, "निघाला बघा, ताई." आणि धागा तिथेच होता. फिकट निळ्या तुकड्याच्या उजव्या कोपऱ्यात, काळा, वळवळीत, नखाएवढा. आधी मीच काढायला गेले होते. दोनदा बोटं घासली, निघेना, तेव्हा चिडले. म्हटलं, अरे, पास करायला आणलेल्या तुकड्यावर धागे? डोळे आहेत का बटणं? मग तो वाकला. जरा जास्तच वेळ वाकून राहिला. कापडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चिमटी केली. आता कापडात जन्म काढलेल्या बाईला भरली चिमटी आणि रिकामी चिमटी यांतला फरक कळतो. धागा टाकताना माणूस बोटं एकमेकांवर चोळतो, कारण धागा चिकटतो. याने नुसती उघडली. डोळ्यांना विसावा म्हणून नेहमीप्रमाणे समोरच्या राखाडी भिंतीकडे पाहिलं, तर धागा माझ्यामागोमाग भिंतीवर आला. छतावर गेला. निळ्याच्या खांद्यावर बसला. "काय झालं, ताई?" "काही नाही, जा तू," म्हटलं, आणि खुर्चीचा हात घट्ट धरून बसले.

ही खोली माझी आहे. म्हणजे मालकांचीच, पण रंगखान्यात कुणालाही विचारा, भिंग कुठे बसतं, तर वरच्या मजल्यावरची ही खोली दाखवतील. भिंग म्हणजे मी. खाली मोठमोठ्या पिंपांत कापड रंगतं, प्रत्येक लॉटचा तुकडा वर येतो, आणि तो मूळ नमुन्याशी जुळतो की नाही हे मी सांगते. मी हो म्हटलं की लॉट जातो, नाही म्हटलं की परत पिंपात. खिडकी उत्तरेची, कारण तिथे ऊन येत नाही. भिंती राखाडी, टेबल राखाडी, आणि मीही राखाडी. अंगावरच्या रंगाची झाक कापडावर पडते, म्हणून लग्नाआधीपासून कामावर दुसरा रंग घातलेला नाही. पुढे पुढे तर घरीही घालावासा वाटेना. नातेवाईक बायका म्हणायच्या, अगं, ही काय कळा, कुणी गेलंय का? आणि मी मनात म्हणायचे, तुम्हाला लाल म्हणजे एक लाल दिसतो, मला त्यात पाच दिसतात, तुम्हीच गरीब. गर्व होता. खोटं कशाला बोलू, होताच. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, आवाज तर कावळ्याने ऐकून उडून जावं असा. एक डोळाच काय तो मिळाला होता, आणि तो मी डोळ्यात तेल घालून जपला. जपला म्हणजे कुणाला तपासू दिला नाही.

घरी आले तोवर धाग्याचे दोन झाले होते, आणि त्यांच्याखाली धुरकट काहीतरी पसरत होतं. तोंड धुतलं, डोळ्यांवर पाणी मारलं, आरशात पाहिलं. आरशातली बाई ठीक होती, तिच्या कपाळावर फक्त शाई सांडत होती. आमचे हे स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. बसची कंडक्टरकी संपल्यापासून त्यांनी विळी ताब्यात घेतली आहे. मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. ते म्हणाले, "कधी गेलंय? आज गेलंय की जाऊन चार वर्षं झालीत?" दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि दर वर्षी मी जाते जाते म्हणून घालवलेलं. यांनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. मला शुगर आहे असं मी कुणाला म्हणतच नसे. थोडीशी शुगर आहे, असं म्हणायचे. थोडीशी. जणू ती पाहुणी आहे आणि अंगणातच बसलीये, घरात नाही आली. यांनी विळी आडवी केली, हात पुसले, आणि शर्ट चढवला. "चल. आता नाटक नको. तुझ्या दादानेही असंच थोडंसं थोडंसं केलं होतं."

दादाचं नाव काढलं की मला राग येतो. यांचा नाही, दादाचा. माझा थोरला भाऊ, पोस्टमन. पायी गावभर हिंडायचा, आणि पायांवर त्याचा इतका जीव की घरी आला की आधी पाय धुवायचा, मग तोंड. एका संध्याकाळी त्याने मोजा ओढला तर मोजा लाल. बुटात खडा होता. शेंगदाण्याएवढा खडा, आणि हा माणूस सबंध दिवस त्याच्यावर उभा राहून लोकांची पत्रं वाटत होता. "लागलं नाही का रे?" "नाही गं बायो, काहीच नाही लागलं," असं तो हसून म्हणाला, कौतुकाने म्हणाला, जसं काही त्याने पराक्रमच केला होता. आम्हीही हसलो. त्या जखमेने मग हसू काढून घेतलं. ती भरेना. मलम झालं, पट्ट्या झाल्या, अंगठा काळा पडला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने मला बाकावर बसवून समजावलं होतं. कागदावर एक जाड नळी काढली आणि एक केसासारखी. म्हणाली, "साखर रक्तात जास्त राहिली ना, की नळ्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मोठ्या नळ्यांत थर साचतात, वाट अरुंद होते, म्हणून पायाला रक्त पोचत नाही आणि जखम भरत नाही. हृदयाचंही तेच. बारीक नळ्यांचं वेगळं, त्या पाझरतात नाहीतर बुजतात. नसांना रक्त देणाऱ्या नळ्या गेल्या की खडा टोचलेला कळत नाही." मी विचारलं होतं, मग आधी का नाही कळलं? ती म्हणाली, "चांगली नळी गरज पडली की सैल होते, रक्त वाढवते. ही होत नाही. तिला तेच जमेनासं होतं सगळ्यात आधी, पण ते बाहेरून कुठे दिसतं?" अस्तर म्हटल्यावर मला नीट समजलं. कोट वरून नवाकोरा दिसतो आणि आत अस्तराच्या चिंध्या झालेल्या असतात. इलास्टिक गेलेल्या पायजम्यासारखंच, नाडी बांधून माणूस चार दिवस चालवून नेतो. एवढं सगळं मला समजलं होतं. समजून मी घरी आले, दोन वेळा गोळी घेतली, आणि तिसऱ्या वेळी विसरले.

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, दिव्यांना काटे फुटले. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा असेल, मला मूल असतं तर. त्याने आत पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "रक्त उतरलंय आत," तो म्हणाला. "पडद्याच्या बारीक वाहिन्या बुजल्यात, म्हणून डोळ्याने नवीन फुटवे काढले, पण ते कच्चे असतात. त्यातला एक फुटला. लेझर करावं लागेल, उद्या दुपारीच. उरलंय ते वाचवता येईल." उरलंय ते. मग त्याने विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. तो जरा थांबला, मग खणातून एक लांबट डबी काढली. डबीत रंगीत टिकल्यांच्या सोंगट्या होत्या. पहिली जागेवर पक्की, बाकीच्या एकामागून एक रंगाच्या क्रमाने लावायच्या. लहान मुलांचा खेळ. रक्त उतरलेला डोळा झाका, म्हणाला, चांगल्या डोळ्याने बघून लावा. थेंबांचा अंमल उतरू द्या. आम्ही बाहेर बाकावर थांबलो. आत जाऊन मी सोंगट्या भराभर लावल्या. माझा हात बसलेला आहे, मला विचार करावा लागत नाही. लावून झाल्यावर मी पाठीमागे रेलले, आणि त्याने डबी उलटी करून खालचे आकडे पाहिले. आमचे हेही वाकून पाहत होते. कंडक्टरची नजर, सुटे पैसे चुकले की लगेच कळतं. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "निळ्या-हिरव्यात गल्लत होतेय," डॉक्टर हळू म्हणाला. "दोन्ही डोळ्यांचं असणार. हे आजचं नाही, बरेच महिने चालू असेल. कामावर काही चुका नाही का झाल्या? माल परत वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही." आणि ते खरं होतं. तिथेच मी घाबरले. डोळ्याचं ऐकून घाबरले नव्हते तेवढी. बरेच महिने मला निळा दिसत नसेल, आणि आमच्या रंगखान्यात निम्मा माल निळा, दवाखान्याच्या चादरी, कामगारांचे डगले, शाळांचे शर्ट. एकही लॉट परत आलेला नाही. मग पास कोण करत होतं? रिक्षात हे काही बोलत होते, उद्या रजा टाक, मी फोन करतो, आणि मी डोळे मिटून माझी खोली आठवत होते. राखाडी टेबल. निळ्या तीन पिंपांतले तीन तुकडे आणतो, जो जुळेल त्या पिंपाचा माल जातो. रंगाऱ्याने बोलायचं नाही, हा माझाच नियम, मीच घालून दिलेला. मूळ नमुना मी पाकिटातून काढते. तो तीन तुकडे एकापुढे एक ठेवतो, सुरकुती सारखी करतो, हात काढून घेतो. पहिल्यावरचा काढतो, दुसऱ्यावरचा काढतो. एका तुकड्यावर त्याचा हात जरा रेंगाळतो. निळी नखं, कितीही घासली तरी न जाणारी, म्हणून तर त्याचं नाव निळ्या पडलं. आणि मी म्हणते, हा. नेहमी तोच. मी रंग बघत नव्हते. मी त्याचा हात बघत होते, आणि ते मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. की होतं? बुटातल्या खड्यावर माणूस दिवसभर उभा राहतो, तेव्हा त्याच्या पायाला खरंच ठाऊक नसतं, की तोही म्हणत असतो, असू दे, संध्याकाळी बघू?

घरी येऊन मी आडवी झाले. डॉक्टरने उशा उंच घ्यायला सांगितल्या होत्या, रक्त खाली बसावं म्हणून. डोळ्यातली शाई हळूहळू खाली चालली होती, पिंपात रंग सोडल्यावर चालते तशीच. यांनी भाकरी आणि पालेभाजीचं ताट समोर ठेवलं, आणि माझा हात हातात घेऊन बोटांची टोकं दाबली, एकेक. "कळतंय?" "हो." "हे?" "हो हो." पण करंगळी त्यांनी दाबली की नुसती धरली ते मला कळलं नव्हतं. कापडाचा पोत बोटांना हल्ली पातळ हातमोज्यातून लागल्यासारखा लागतो, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही. वय झालं, म्हणायचे. मग ते बोलले, "हे बघ, राहू दे तो रंगखाना. झाकली मूठ सव्वा लाखाची. तब्येतीचं कारण सांग आणि मानाने बाहेर पड." मला बरं वाटायला हवं होतं. पण मानाने बाहेर पडून जायचं कुठे? मालकांनी रंग जुळवायचं यंत्र आणून ठेवलंय, माझ्याच खोलीच्या कोपऱ्यात, अजून खोक्यात. बाई आहेत तोवर घाई नाही, म्हणतात. मी उठले की ते बसेल, आणि यंत्र रंगाऱ्याला आकडा सांगतं, "अजून जरा उकळू दे, येईल" असं सांगत नाही. निळ्याचं कसं होणार मग? मला स्वतःची दया आली की मी दुसऱ्याचा विचार करू लागते, ही माझी जुनी खोड. खरी गोष्ट एवढीच होती की भिंग गेलं तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं.

दादाचा पाय गुडघ्याखालून काढल्यावर मी त्याच्याजवळ बसायचे. चादर एका बाजूला उंच आणि एका बाजूला सपाट. एका दुपारी तो म्हणाला, "बायो, तळव्याला खाज सुटलीये गं. जीव जातोय." "कुठल्या?" "नाही त्या." वहिनी रडत बाहेर गेली. मी सपाट चादरीवर हात नेला, जिथे पाऊल असतं तिथे, आणि नखांनी चादर खाजवायला लागले. "खाली जरा," तो म्हणाला. मी खाली खाजवलं. "हां. तिथेच." त्याने डोळे मिटले. "बरं वाटलं?" "बरं वाटलं." मला किती हुशार वाटलं होतं स्वतःला त्या दिवशी! पुढे हृदयाने त्याला नेलं, मोठ्या नळ्यांचं दुसरं टोक, आणि इतकी वर्षं मी समजत आले की जाण्याआधी दादाला मी थोडं फसवून सुख दिलं. तो डोळे मिटण्याआधी माझ्या हाताकडे बघत होता, हे आठवत होतं मला. पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. त्या उशांवर पडल्यापडल्या लागला. तो सुद्धा रिकामी चिमटीच बघत होता. आणि "बरं वाटलं" म्हणून त्यानेच मला सांभाळून घेतलं होतं.

सकाळी यांच्याशी भांडून मी कामावर गेले. दुपारी दवाखान्यात येते, शब्द देते, म्हटलं. पायऱ्यांवरच निळ्या भेटला. मी त्याला बाजूला घेतलं. "कालचा धागा काढलास तो कुठला रे?" "तुकड्यावरचाच, ताई." "निळ्या." तो नखांकडे बघायला लागला. "कधीपासून?" मी विचारलं. त्याने एक नख खरवडलं. मग म्हणाला, "डगल्यांचा लॉट आठवतो? तुम्ही हिरवट तुकड्याला हो म्हणालात. मला वाटलं तुम्ही चेष्टा करताय, पण तुम्ही कामात कधी चेष्टा करत नाही. मग मी तो लॉट परत पिंपात घातला आणि नीट करून पाठवला." "मला सांगितलं का नाहीस?" "काय सांगणार होतो? ताई, तुम्हाला दिसत नाही? असं कोण म्हणेल तुम्हाला? तुम्ही मारलंच असतं." मला हसू आलं, खरोखर आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. "राहू द्या ना, ताई," तो घाईने म्हणाला. "चाललंय की. तुम्ही बसा नुसत्या खिडकीशी. मी आहे." एवढ्या मायेने कुणी माझ्याशी बोललं नव्हतं कितीतरी दिवसांत, आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

वर मालक आधीच आलेले होते. दवाखान्याच्या चादरींचा मोठा लॉट, गाडी खाली उभी, त्यांना माझा हो हवा होता. "चला बाई, बघून घ्या, ड्रायव्हर बोंबलतोय." मी खिडकीशी बसले. निळ्याने तीन तुकडे मांडले. मी मूळ नमुना काढला. तीन तुकडे आणि एक नमुना, चारही सारखे. इतके सारखे, की जन्मात मला दोन रंग इतके सारखे कधी दिसले नव्हते. निळ्याचा हात पहिल्यावरून निघाला, तिसऱ्यावरून निघाला, मधल्यावर राहिला. मी फक्त "हा" म्हणायचं होतं. जीभ तयार होती. मी नमुना उचलला आणि परत ठेवला. "काय अडलं?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चढला, आणि नजर कोपऱ्यातल्या खोक्यावर जाऊन आली, की मला तसं वाटलं. निळ्या चटकन म्हणाला, "धागा आहे, मालक, ताईंना धागा दिसला." तो वाकला, त्याने चिमटी केली, आणि या वेळी नीट केली, बोटं चोळून वगैरे. कालची चूक सुधारली होती पठ्ठ्याने. "हा बघा, ताई," म्हणत त्याने चिमटी माझ्या तळहातावर उघडली आणि माझी बोटं मिटवली.

मुठीत काही लागत नव्हतं. पण माझ्या बोटांचा काय भरवसा? यांनी करंगळी धरली होती तेही लागलं नव्हतं. मी मूठ उघडून पाहिलं. तळहातावर चार काळे धागे होते. भिंतीकडे पाहिलं. चारही भिंतीवर आले. परत हाताकडे पाहिलं, चारही परत आले, मागे एकही राहिला नाही. निळ्या माझ्याकडे असा बघत होता की आता फक्त मूठ मिटा, एवढंच मागतो. मिटली असती तर गाडी गेली असती, माल चांगलाच होता, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. आज. उद्या त्याचा हात ताप आला म्हणून घरी राहिला असता, तर एखाद्या दवाखान्यात निम्म्या चादरी हिरवट गेल्या असत्या, आणि हकालपट्टी त्याची झाली असती, भिंगाची नव्हे. भिंगाला कोण बोलणार? आणि दुपारी मी लेझरला गेले नसते. हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं, माझं मला. चाललंय की, म्हणून मी खिडकीशी बसून राहिले असते, शेवटचा थेंब पाझरेपर्यंत.

मी तळहात मालकांपुढे धरला. "मालक, बघा बरं, माझ्या हातात काय आहे?"

त्यांनी चष्मा लावला. वाकले. उजेडाकडे हात वळवून पाहिलं. "काही नाही, बाई. कुठे काय?"

"मला चार धागे दिसतायत," मी म्हटलं.

खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि माझ्या हाताऐवजी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "मधला तुकडा बरोबर आहे," मी म्हटलं. "तो निळ्याने बघितलाय. बरेच महिने तोच बघतोय. त्याला विचारा, मला नको." निळ्याने तुकड्यावरचा हात उचलून पाठीमागे नेला, चोरी पकडल्यासारखा, आणि त्याचा चेहरा पडला. एवढं करून ठेवलेलं मी एका वाक्यात उधळलं होतं. मी उठले, खुर्चीच्या पाठीला धरून. दारात त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला म्हटलं, "बरं वाटलं रे."

खोटं होतं ते. पण दादाचं तरी कुठे खरं होतं?